कहूच्या डोहाची राखण

‘आत जाण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी वाचताना, ती आपल्यालाच उद्देशून आहे असं तुम्हाला आजवर एकदा तरी वाटलं आहे का? खरं सांगा. मी जंगल खात्यात नऊ वर्षं काढली, त्यातली बरीचशी अशा एका पाटीच्या शेजारी उभं राहून. एवढ्या काळात पाटी वाचून आपणहून परत फिरलेला माणूस मला एकच भेटला. तोही वाट चुकून आला होता; त्याला माहूरला जायचं होतं.

एकतिसाव्या वर्षी माणसानं नोकरीच्या आठवणी लिहू नयेत, हे मला कळतं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी मागितले होते ‘जंगलातले थरारक प्रसंग’. वाघ माझ्या वाट्याला दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो पाठमोरा होता, म्हणून वाघाचं राहू द्या. मला एका डोहाबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहायला मला उशीर झाला आहे.

घाटंजीच्या बाजारातून दक्षिणेला निघालं की सागाच्या टेकड्या उतरत उतरत पैनगंगा लागते. तिथं नदी एक मोठं वळण घेते आणि वळणाच्या पोटात हा डोह आहे. वैशाखात नदीची साखळी तुटते, जागोजाग नुसती वाळू उरते, पण हा डोह आटत नाही. काठावर कहूची जुनी झाडं आहेत. पुस्तकात त्यांना अर्जुन म्हणतात. त्यांची मुळं पाण्यात उतरलेली, आणि त्या मुळांच्या जाळीत मरळ, शिंगाळा, वाम या माशांची घरं. पाणमांजरांचं एक कुटुंब होतं. पलीकडच्या वाळूवर एक सुसर पडलेली असे. ती माझ्यापेक्षा नोकरीत ज्येष्ठ होती आणि माझ्यापेक्षा कमी हिंडत असे.

छप्पनच्या फेरबदलापर्यंत पलीकडचा काठ दुसऱ्या राज्यात होता. मग दोन्ही काठ एका राज्यात आले. पलीकडून गाडीवाट झाली, अलीकडून मुरमाची सडक आली, आणि ज्या डोहाला कोणी विचारत नव्हतं तो सहलीचा डोह झाला.

याच सुमाराला मी नोकरीला लागलो. सरकारी भाषेत फॉरेस्ट गार्ड, लोकांच्या भाषेत नाकेदार. नाकेदाराचं काम काय? ठरवून दिलेल्या जंगलात, म्हणजे आपल्या बीटात, रोज पायी फिरायचं. हद्दीचे दगडी मुनारे ढासळले असतील तर रचून घ्यायचे. उन्हाळ्याआधी गवत जाळून वणव्याच्या आड पट्टे मोकळे ठेवायचे. तोडायच्या झाडावर हातोड्यानं शिक्का मारायचा. आणि गुन्हा दिसला की रिपोर्ट लिहायचा. गावकऱ्यांना सरपण, चराई, मासे अशा गोष्टींचे काही जुने हक्क असतात, त्यांना आमच्याकडे निस्तार म्हणतात. कोणता निस्तार मान्य आणि कोणता नाही, हे सगळं कागदावर असतं. जे कागदावर नाही, ते नाकेदारानं दिसलं तरी पाहायचं नसतं.

मला हे कागदाचं राज्य मनापासून पटत होतं, कारण मी पत्रकांवर वाढलो. माझे मामा यवतमाळला छापखान्यात खिळे जुळवत. घरात निजायला चटई कमी पडली की आम्ही पत्रकांच्या गठ्ठ्यावर निजायचो. दारूबंदी, कूळकायदा, साक्षरता, जे छापून येईल ते मी पाठ करायचो. गोष्ट एकदा स्पष्ट लिहिली आणि सर्वांना दिसेल अशी लावली की अन्याय संपतो, अशी माझी पक्की समजूत होती.

आमचे रेंजरसाहेब भले गृहस्थ होते, पण त्यांची आज्ञा अशी असे: ‘‘लोकांनी जंगल पाहिलं पाहिजे. आणि लोक येऊन गेलेले जंगलाला कळता कामा नये.’’ मी ती आज्ञा शब्दशः घेतली. डोहाच्या वरच्या दरडीवर पाहुण्यांना बसायला जागा केली. तिथवर दगड लावून पायवाट आखली. दगडांच्या ओळीच्या खाली कोणी उतरायचं नाही, पाण्याला कोणी शिवायचं नाही. आठवड्यातले दोन दिवस पाहुण्यांचे, बाकीचे पाच डोहाचे. नकाशा मी स्वतः काढला. आजही मला तो नकाशा वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

आणि पाटी. ती आधी नव्या सडकेच्या बाजूला होती, आणि पहिल्या वर्षी तिच्यावर एकच ओळ होती, ‘मासेमारी व शिकार करण्यास मनाई आहे.’ एक वकीलसाहेब सहकुटुंब आले. पाटीसमोर उभं राहून त्यांनी चष्मा पुसला, ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले,

‘‘यात पोहण्याचा उल्लेख नाही.’’

‘‘साहेब, डोहात सुसर आहे.’’

‘‘सुसरीचाही उल्लेख नाही.’’

ते पोहले, मेव्हणे पोहले, सर्वांनी साबण लावला. सुसरीनं उल्लेख नसल्यामुळे असेल, काही केलं नाही. मी पाटीवर ‘पोहणे’ आणि ‘साबण’ घातलं. मग बाभुळगावची मंडळी ग्रामोफोन घेऊन आली, म्हणून ‘ग्रामोफोन’ घातला. मग एका शेठजींनी सुसर जागी व्हावी म्हणून दगड मारले, म्हणून ‘दगड’. तीन वर्षांत पाटीवर सात ओळी झाल्या. घाटंजीचे रहीमभाई मिस्तरी, जे मालमोटारी दुरुस्त करत आणि दर शुक्रवारी नमाजानंतर सायकलवर गळ बांधून नदीवर येत, ते डोहाच्या खालच्या बाजूला, परवान्याच्या हद्दीत बसत. ते मला म्हणाले, ‘‘साब, तुमची पाटी मोठी होऊन राह्यली. आता एक ओळ आणखी लिवा, पाटीले टेकून उभं राहू नये. बाकी मानसाले कराले काय उरलंच नाई.’’

मी हसलो नाही. तेव्हा मी फारसा हसत नसे.

आता लेतूबाबद्दल. डोहापासून मैलभरावर कोलाम आदिवासींची वस्ती आहे, वीस-बावीस घरं. लेतूबा तिथला जाणता माणूस. बारीक अंगाचा, तोंडात तंबाखू, बोलण्याआधी समोरच्याचे पाय पाहायची सवय. डोहाकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेच्या तोंडाशी दोन कहूंच्या मध्ये माहूलवेलीचा दोर कमरेच्या उंचीवर आडवा बांधलेला असे. तो दोर कोलामांचा. दोर बांधलेला असला की डोह बंद, आणि तो वर्षातून एक दिवस सोडून सगळं वर्ष बांधलेला असे. राखण घरपाळीनं. ज्या घराची पाळी, त्या घरची माणसं मोहा वेचायला, सरपणाला जाता-येता तिकडून फिरत. अनोळखी दिसला की हाक देत. एक हाक गेली की दुसरी उठे, आणि पाहता पाहता वीस माणसं वाटेवर उभी. शिव्या नाहीत, काठ्या नाहीत. नुसती उभी. किती सहली त्या दोरापाशीच सतरंजी पसरून, डबे उघडून, जेवून परत गेल्या, हे मी सुरुवातीच्या वर्षांत स्वतः पाहिलं आहे.

आणि तो एक दिवस वैशाखात येई. पाणी सर्वांत कमी असताना लेतूबा दोर सोडायचा. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत सगळी वस्ती जाळी-टोपल्या घेऊन पाण्यात. कहूच्या मुळांखाली कोणी हात घालायचा नाही, बोटापेक्षा लहान मासा परत सोडायचा. दुपारी दोर पुन्हा बांधायचा, की पुढच्या वैशाखापर्यंत डोहाला हात नाही. पहिली तीन वर्षं त्या दिवशी मी लेतूबाच्या अंगणात जेवलो आहे. ज्वारीची भाकर आणि मरळीचा रस्सा. एवढं चांगलं जेवण त्या नोकरीत मला पुन्हा मिळालं नाही.

चौथ्या वर्षी मी दोर कापला.

कारण सांगतो, समर्थन नव्हे. पाहुण्यांची वाट आता तिथूनच जाणार होती. शिवाय माझ्या मनात एक विचार घर करून बसला होता. वकिलाला मनाई आणि कोलामाला मोकळीक, हा कुठला न्याय? नियम एकच हवा, तो लिहिलेला हवा, आणि तो सर्वांना सारखा हवा. दोर म्हणजे रूढी, पाटी म्हणजे कायदा. मी विळा घेऊन दोर कापला आणि त्याच दोन झाडांच्या मध्ये पाटी आणून रोवली. वस्तीत जाऊन सांगितलं की या वर्षापासून डोह सर्वांना बंद.

लेतूबा माझ्या बुटांकडे पाहत राहिला. मी ते होकारार्थी घेतलं.

वैशाखात तो दिवस आला आणि सगळी वस्ती जाळी घेऊन वाटेवर आली. मी पाटीपाशी उभा होतो.

‘‘नाकेदार, आज आमचा दिवस हाये,’’ लेतूबा म्हणाला.

‘‘कुठं लिहिलंय?’’

‘‘लिवाले येत असतं तं तुले कायले इचारलं असतं?’’

मागच्या बाया हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी म्हणालो, ‘‘लेतूबा, कायदा सर्वांना सारखा. मी काल वकिलाला अडवलं, आज तुम्हाला अडवतो.’’

‘‘वकील कवा राखाले आलता?’’ लेतूबाची सून झिंगूबाई पुढं आली. दांडगी बाई. ‘‘पावसात, गाऱ्यात, पोर पाठीशी बांधून कोन फिरलं इथं? वकिलाची बायको फिरली?’’

‘‘ते मला माहीत आहे, पण...’’

‘‘मांगच्या साली तूच तं आमच्या घरी जेवलता,’’ लेतूबा शांतपणे म्हणाला. ‘‘दोनदा रस्सा घेतला. तवा कुठं गेलता तुया कागद?’’

मग ती सगळी माझ्या अंगावरून पाण्यात उतरली तेव्हा मी एकट्यानं काही अडवू शकलो नाही. पण दुपारी रेंजरसाहेबांची माणसं घेऊन वस्तीत गेलो आणि अकरा जाळी जप्त केली. लेतूबावर गुन्ह्याचा रिपोर्ट लिहिला. म्हातारा तीन वेळा कोर्टाच्या तारखेला पायी गेला. शिक्षा फार नव्हती. पण त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला कोणी चोर म्हटलं नव्हतं, आणि आता ते हाक मारून, नाव घेऊन म्हटलं गेलं.

त्यानंतर वस्तीनं काहीच केलं नाही. भांडण नाही, अर्ज नाही. नुसती राखण सोडली. वाटेवरून जाताना ती माणसं डोहाकडे तोंडही वळवेनात. मला वाटलं, शिस्त लागली.

पुढचं सांगायला अवघड आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नदीच्या वरच्या अंगाला एका पुलाचं काम निघालं होतं. खडक फोडायला तिथं सुरुंगाच्या तोट्या आल्या होत्या. एका दुपारी मी बीटाच्या दुसऱ्या टोकाला, सात मैलांवर, झाडांना शिक्के मारत होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा डोह पांढरा दिसला. आधी वाटलं फेस आहे. ती पोटं होती. मरळी, शिंगाळे, वाम, बोटाएवढी पिल्लं, सगळी उताणी. पुलावरच्या काही मजुरांनी चार-पाच तोट्या पाण्यात फोडल्या होत्या. मोठे मासे पोत्यात भरून नेले होते आणि बाकीचे तसेच सोडले होते. कहूच्या एका मुळाखाली पाणमांजराचं एक पिल्लू अडकून मेलेलं होतं. सुसर त्यानंतर मी पाहिली नाही.

पाटी जशीच्या तशी उभी होती. सात ओळी. ‘तोट्या’ हा शब्द मी घातला नव्हता.

मी धावतच वस्तीत गेलो. झिंगूबाई अंगण सारवत होती.

‘‘आवाज आला नाही का तुम्हाला?’’ मी ओरडलो. ‘‘मैलभर अंतर! एक हाक द्यायची होती!’’

तिनं हात थांबवला नाही. ‘‘आयकला ना. चार खेपा आयकला. पन पाटी तुमची, डोह तुमचा. आमाले वाटलं, आवाज बी सरकारीच असंन.’’

मी तिथंच ओट्याच्या कडेला बसलो. कोणी मला ऊठ म्हणालं नाही आणि कोणी पाणीही विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी रहीमभाई आले. खालच्या बाजूला तीन तास बसले. मग सायकल हातात धरून चालत वर आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. ‘‘साब, बूच हाललं बी नाई. मी समजलो गळ खराब हाये, बदलला. मंग समजलो मीच खराब हावो.’’ मग म्हणाले, ‘‘वो बुढ्ढे को मनाव. ये काम उसका है, तुम्हारा नहीं.’’

ते मलाही कळलं होतं. पण जायचं कोणत्या तोंडानं? आधी जाळी सोडवायची ठरवली. जप्तीचा माल सुटायला अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, असं एक वर्ष गेलं. गुदामातून हाती आली तेव्हा अकरापैकी सहा उंदरांनी खाल्ली होती. ती तशीच खांद्यावर टाकून मी लेतूबाकडे गेलो. त्यानं एकेक जाळं उलगडून उजेडात धरलं, भोकांतून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला.

‘‘हे जाळं हाये का खिडकी?’’

‘‘लेतूबा, चुकलं माझं. दोर पुन्हा बांधा. राखण करा. पाटी मी उद्या उपटतो.’’

त्यानं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, ‘‘बांधतो. पन उद्या तुयी बदली होईन, दुसरा नाकेदार येईन, तो बी इचारंन कुठं लिवलं हाये. मंग पुन्हा मीच चोर. एक दिवस आमचा हाये, असं सरकारच्या कागदावर लिव. तुले लिवता येते ना? लिव.’’

सगळ्या पत्रकांत मिळून मला जे कळलं नव्हतं, ते त्यानं दोन-चार वाक्यांत सांगितलं. मला तो नियम सर्वांना सारखा करायचा होता. ज्यांनी तो पाळून दाखवला होता त्यांचा हक्क मात्र मी त्यात कुठंच लिहिला नव्हता. मी त्याच आठवड्यात अर्ज लिहिला: वैशाखातला एक दिवस हा या वस्तीचा निस्तार म्हणून नोंदवावा, आणि बाकी वर्षभराची राखण वस्तीकडे द्यावी; पाहुण्यांची वाट दरडीपर्यंतच राहील, आणि तिथं उभं राहून सांगायचं काम कोलाम करतील. रेंजरसाहेबांनी शिफारस केली. वर चौकशी लागली.

चौकशीला आलेले अधिकारी सभ्य होते. त्यांनी लेतूबाला विचारलं, ‘‘ही वहिवाट कधीपासूनची?’’

‘‘मायाआंधीपासून.’’

‘‘पुरावा?’’

लेतूबानं माझ्याकडे बोट केलं. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. लेतूबावर मी लिहिलेला गुन्ह्याचा रिपोर्ट. त्यात एक रकाना असतो, ‘स्थानिक वहिवाट असल्यास तपशील.’ समोर माझ्या हातचं, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेलं: ‘अशी कोणतीही वहिवाट आढळून आलेली नाही.’

तीन वर्षं मी ज्या दिवशी त्या अंगणात जेवलो, तो दिवस मला आढळला नव्हता.

मी तिथंच सांगितलं की हे खोटं आहे, आणि ते मी लिहिलं आहे. त्यांनी माझा जबाब घेतला. आधी एक, आता दुसरंच सांगणारा नाकेदार कितपत विश्वासाचा, असा शेरा त्यावर पडला. तो चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. माझ्याकडून खुलासा मागवला गेला आणि मला लाकडाच्या डेपोवर पाठवलं. तिथं मी ओंडके मोजत होतो. गेल्या उन्हाळ्यात राजीनामा दिला. थकलो, हे त्याचं खरं कारण. तत्त्वाचं कारण द्यायची मला सवय आहे, पण या वेळी ते नव्हतं.

वस्तीतल्या माणसांच्या जबान्या झाल्या. पण ती माणसं हितसंबंधी धरली जातात. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की बाहेरच्या, ज्यांचा काही लाभ नाही अशा लोकांचं लेखी म्हणणं असेल तर विचार करता येईल. रहीमभाईंनी उर्दूत दोन पानं लिहून दिली आहेत. मराठीत अजून एकही कागद गेलेला नाही. चौकशी अजून बंद झालेली नाही, पण लेतूबा थकला आहे, आणि पुलाचं काम पुन्हा सुरू होणार आहे. नोंद झाली नाही तर दोर बांधायला कोणी पुढं येणार नाही. झिंगूबाईनं मला तसं स्पष्ट सांगितलं आहे.

म्हणून ही विनंती. साठ सालाच्या आधी, म्हणजे मी दोर कापण्याआधी, तुमच्यापैकी जे कोणी सहलीला, शिकारीला, नवस फेडायला किंवा नुसते हिंडायला पैनगंगेच्या त्या वळणावर गेले असाल आणि तिथं कोलामांनी तुम्हाला वाटेत अडवलं असेल, त्यांनी एक पोस्टकार्ड लिहा. साल, महिना, कोण अडवायला उभं होतं, ते काय म्हणाले आणि तुम्ही परत फिरलात की नाही, एवढंच. त्यांची स्तुती करू नका, माझी निंदा करायची असेल तर जरूर करा. खाली नाव, गाव आणि सही. यवतमाळला जंगल खात्याच्या विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे, दिवाळीचा फराळ संपायच्या आत टाका. माझ्या अक्षरातला एक खोटा कागद त्या फाइलीत आहे. त्याच्यावर ठेवायला तुमच्या अक्षरातला एक खरा हवा आहे.